मास्तरांचं मशीन थांबायचं तेव्हा

मला लिहायची सवय नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण आमच्या टेलरमास्तरांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि त्या गल्लीतला आता मीच उरलोय.

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून. दिवसभर त्यांच्या मशीनची खडखड कानाशी असायची. थंडीच्या तोंडावर एखाद्या सकाळी ती मधेच थांबे. मग मीही हातातलं घड्याळ ठेवून पलीकडे जाई. मास्तर मागच्या खिडकीशी उभे असत, गळ्यात टेप, ओठांत टाचणी. बाहेर पडीक जागेतल्या झुडपांत दूरदेशीचे वटवटे उतरलेले असत. अंगठ्याएवढं पाखरू ते; दिसायचं कमी, ऐकू यायचं जास्त.

"माझी वटवट नको, आणि यांच्यासाठी धंदा बंद!" वहिनी काजं करता करता म्हणायच्या.

एकदा त्या नादात मास्तरांनी शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, पाखरं एकाच बाजूने आली होती वाटतं?"

पुढे मास्तरांचे कान उतरले. बोललेलं कळायचं, पण बारीक, चढे आवाज विरून गेले. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या वर्षी थंडी आली तरी मशीन थांबेना.

"यंदा फिरकलेच नाहीत," ते मला म्हणाले. "आता येत नाहीत बहुतेक. संपलं म्हणायचं."

बाहेर झुडपांत तर सकाळपासून वटवट्यांची टिकटिक चालू होती. मास्तर पुन्हा पाय मारू लागले.

वहिनींनी सुई खोचली, उठल्या आणि मशीनच्या चाकावर तळहात ठेवला.

"काय गं? दोरा तुटला?"

"नाही. आलेत ते."

मास्तर खिडकीशी गेले. बराच वेळ कान देऊन उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मला का नाही गं येत ऐकू?"

"डोळे आहेत ना? कुंपणाजवळ बघा. खालची फांदी. आता वर सरकला."

"तुला कधीपासून कळायला लागलं हे?"

"इतकी वर्षं तुम्ही मशीन थांबवल्यावर मी काय भिंत ऐकत होते?"

एक पान हललं. "दिसला!" मास्तर ओरडले, आणि पाखरू अर्थातच उडालं.

त्यानंतर दरवर्षी चाक वहिनींनीच थांबवलं. भिंतीपलीकडून मला फरक कळायचा. मास्तर थांबायचे ते टाका पुरा करून, हळूहळू. वहिनी एकदम.