टंच काढताना

इंदापुरात माझं सोन्याचा टंच काढायचं, म्हणजे शुद्धता तपासायचं, छोटं दुकान आहे. लोकांना वाटतं मशीनमध्ये नुसता दागिना जातो. छे! त्याच्यामागं अख्खं घर येतं. दागिना परत जातो, किस्सा माझ्याकडं राहतो.

बारामतीच्या एका गृहस्थाची साखळी चौदा कॅरेट निघाली. "मशीन बिघडलंय तुमचं!" तो भडकला. मी म्हटलं, "थांबा, खात्रीचं सोनं लावतो." सासऱ्यांनी लग्नात घातलेली बोटातली अंगठी काढून ठेवली.

बारा कॅरेट!

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. सासरे आता नाहीत. बायकोला मी अजून सांगितलेलं नाही.

डाळजचे दोघे भाऊ, सोबत मावशी. आई महिन्यापूर्वी गेलेली. तिच्या पाटल्यांचे दोन जोड, दोघांना एकेक. एक जोड चोख. दुसऱ्यावर नुसता सोन्याचा पत्रा, आत तांबं!

धाकटा ओरडला, "दादा, कुणी बदलल्या?"

मावशी म्हणाली, "तुझ्या आईनंच. थोरल्याचं हार्टचं आपरेशन झालं तवा मोडल्या. कुणाला कळू न्हाय म्हणून तशाच करून घातल्या."

थोरल्यानं तांब्याचा जोड उचलला. "ह्यो माझा." बाहेर जाऊन मोटरसायकलला टेकून ढसाढसा रडला.

आणि वरकुट्याच्या सुंदराबाई. लग्नानंतर नवऱ्यानं बोरमाळ आणली, म्हणाला, सोन्याची हाय. जावा हसल्या, ह्याला कुठलं सोनं! तेव्हापासून माळ पेटीत. नवरा गेल्यावर ती नातीला खेळायला द्यायचं ठरलं. लेक म्हणाली, आधी दाखवून घेऊ.

मी एक मणी घासून लावला. बावीस कॅरेट.

"परत लावा," म्हातारी म्हणाली.

तीनदा लावला. तिन्ही वेळा बावीस.

"भांडाण झालं की मी म्हणायची, पितळ घातलंसा माझ्या गळ्यात, लबाड हायसा तुमी! एकदाबी उलटून बोललं न्हाईत वो."

मी पावती करायला घेतली. "आजी, नाव कुणाचं घालू?"

"मालकाचं."

"काय नाव त्यांचं?"

लेक सांगायला लागली. म्हातारीनं तिला हातानं थांबवलं, पदर डोक्यावर नीट घेतला.

"गेनबा," ती म्हणाली. मोठ्यानं.