खळ्यातला सहभाग

"गो, तू खळ्यातच बस हां. कॉम्प्युटराच्या बाजूक देवघर आसा," शर्वरीची आई म्हणाली. टेबलफॅन तिने स्वतः अंगणात आणून माझ्याकडे तोंड करून लावला. अपमानाची इतकी चांगली सोय मी नंतर कुठेच पाहिली नाही.

आम्ही अकरावीत होतो. आमचे सर कोल्हापूरच्या कार्यशाळेतून 'सहभाग' हा शब्द घेऊन आले होते. पुण्याच्या एका कॉलेजबरोबर इंटरनेटवरून गटाने प्रकल्प करायचा. प्रत्येकाने बोललंच पाहिजे. आम्हा चौघींना विषय मिळाला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं. रापण आमच्या घरची. नेट शर्वरीच्या घरचं. तिचे वडील नारळाचे व्यापारी.

मी खिडकीच्या गजांशी उभी राहून सांगायची, तिघी आत टाईप करायच्या. माझी आई सकाळी त्याच घरी मागच्या दाराने बांगडे द्यायची. बांगडे देवघरावरून स्वयंपाकघरात जात. त्यांचा विटाळ होत नसे.

एका संध्याकाळी पुण्याच्या मुली कॅमेऱ्यावर आल्या. शर्वरी माझा परिच्छेद वाचू लागली. "आम्ही लहानपणापासून दोर ओढतो." तिच्या हातांना दोर ठाऊक नव्हता. मी बाहेर उभी. आपण मेलो आहोत आणि आपले कपडे कुणीतरी घालून फिरतंय, तसं वाटलं.

पलीकडून एकीने विचारलं, "तुमच्यातली चौथी कुठंय?"

"ती लाजते. तिला नाही जमत," शर्वरी म्हणाली. "आम्ही घेतो सांभाळून."

मी गज धरले. "माका जमता. हे माका आत घेनत नाय, म्हणान मी भायर आसंय."

पुण्यात ऐकू गेलं होतं.

शर्वरीची आई बाहेर आली. "पंखो लावलंय मगे तुका? आणि काय होया?"

"खुर्ची," मी म्हटलं. "आतली."

तिने पंखा उचलून नेला.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "शर्वरीच्या आईची माफी माग. बाकीचं मी बघतो. सहभागाचे मार्क कुठे जात नाहीत."

"सर, मजकूर माझा आहे. माझ्या तोंडून जाईल, नाहीतर काढून टाका."

"गटाचं नुकसान होईल."

"गटात मी कधी होते?"

माफी मागितली नाही. प्रकल्प पुण्याला गेला. माझ्या शब्दांनिशी गेला, माझं नाव गाळून. आईचं ते गिऱ्हाईक तुटलं. ती एवढंच म्हणाली, "बांगडे दुसऱ्या घरातय खातत."

अजूनही एखाद्या बैठकीत कुणी माझं लिखाण वाचायला घेतं आणि मला शर्वरीचा आवाज ऐकू येतो. स्वच्छ, शहरी, माझे दोर ओढणारा. मी उठते आणि कागद मागून घेते. समोर कितीही मोठा माणूस असो. माझं मीच वाचणार. आणि जिथे मला आत जागा नाही, तिथे माझा एक शब्दही जाणार नाही.