बहिऱ्या आबांचा खेकडा

आमचे घरमालक बबनआबा टीव्हीचा आवाज पार बंद करून टीव्ही बघायचे, घरात पाहुणे असले तरी. "मला ऐकू येत न्हाई, मंग उगा कशाला वाजवायचं?" हे ते अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे. आंबीजवळच्या एका कारखान्यात तीस वर्षं प्रेस मशीनवर काढल्यावर त्यांचे कान गेले होते. त्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. उलट मुक्या टीव्हीवरच्या गवयांना ते शिव्या घालायचे. "ह्यो बघ, खोटं गातोय. मान हितं आन गाणं तितं!" मी एकदा उठून आवाज वाढवून पाहिला. गवई खरोखरच बेताल होता.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो आणि मुलांच्या गाण्यांना ॲनिमेशन करून द्यायचो. तळेगावच्या मधुराताई, संगीताच्या शिक्षिका, यांनी एक गाणं लिहून, स्वतः गाऊन माझ्याकडे दिलं होतं. भातखाचरातला एक खेकडा आपल्या बिळाचा सातबारा काढायला वडगावला कचेरीत जातो, असं ते गाणं. मी दोन महिने खपलो. तबल्याच्या प्रत्येक ठोक्यावर खेकड्याचं पाऊल पडत होतं. गाण्यात छत्री आली की चित्रात छत्री, साहेब आला की साहेब. इतकं चोख काम मी आयुष्यात केलं नव्हतं. मोठ्या ऐटीत मी ते आबांना दाखवलं.

"खेकडा कंपनीत कामाला हाय व्हय?" आबांनी विचारलं.

त्यांच्याशी बोलायचं म्हणजे वहीत लिहावं लागे. मी लिहिलं, 'का?'

"मंग असा ठाक-ठाक-ठाक का चालतोय? प्रेसवानी? गाण्यात माणूस जरा मागंफुडं व्हतो." मग त्यांनी मला न ऐकलेलं गाणं सांगायला घेतलं. खेकडा छत्री घेतो, बांध ओलांडतो, एसटीत आडवा बसतो, साहेबाला नांगी दाखवतो. सगळं बरोबर होतं. मी खूश होऊन मान हलवली, तर आबांचा चेहरा उतरला. "आरं, बहिऱ्याला समदं कळलं म्हंजे त्या बाईचं गाणं वाया गेलं की! ती सांगती त्येच तू परत दावतोस. ऐकणाऱ्याला दोनदा कशापायी सांगायचं?"

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही, म्हणजे लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी निमूटपणे कामाला बसलो. आता गाण्यात 'खेकडोबा निघाले एकटे' आलं, की चित्रात त्यांच्यामागून खेकडीण आणि चाळीस पिल्लं डोक्यावर फायली घेऊन निघत. गाण्यात ते शूर, तर चित्रात त्यांचे आठही पाय लटपटत. पावलं ठोक्याच्या किंचित मागं पडत. आबांनी स्पीकरवर तळहात ठेवून पूर्ण व्हिडिओ पाहिला. "आता मला कायबी कळंना," ते समाधानानं म्हणाले. "बाई कायतरी येगळंच सांगतीय. लय झ्याक!"

रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात गावच्या पोरांना व्हिडिओ दाखवायचं ठरलं. मधुराताई ठेवणीतली साडी नेसून आल्या. आणि मी स्पीकरची वायर खोलीवरच विसरलो. ती आणायला पळालो, तोवर कुणीतरी उत्साहानं व्हिडिओ चालू केला. पडद्यावर मुका खेकडा निघाला. पोरं गलका करू लागली. आबांना अर्थातच काही वावगं वाटलं नाही. शेजारच्या एका चिमुरडीनं खुणेनंच विचारलं, तो काय म्हणतोय? आबा उठून उभे राहिले आणि खड्या आवाजात गाऊ लागले:

"खेकडीणबाई, फायली उचल,
आडवं चाललो तरी पोचू सरळ!"

मी वायर घेऊन परतलो तेव्हा सूर कुठल्या कुठे गेला होता, पण खेकड्याचं एकही पाऊल शब्दाबाहेर पडत नव्हतं. पोरं टाळ्या पिटत होती. मी वायर जोडली. मधुराताईंचा गोड आवाज सुरू झाला, तशी सगळी पोरं ओरडली, "हे न्हाई! आबांचं!" मधुराताई उठल्या, पायात चपला घातल्या आणि तडक निघून गेल्या. आता ह्या बाई मला परत काम देणार नाहीत, हे मी धरूनच चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आबांच्या ओट्यावर हजर. डोळे सुजलेले, हातात रेकॉर्डर. 'कालचं गाणं परत म्हणा,' त्यांनी वहीत लिहिलं.

"काल काय म्हणलो ते मला कुटं म्हाईत?" आबा म्हणाले. "मला ऐकू आलं का?"

म्हणून त्यांना चित्र दाखवलं. त्यांनी भलतंच गाणं म्हटलं. परत दाखवलं, आणखी तिसरंच. सात वेळा सात गाणी झाली आणि सातही त्या खेकड्याला बेतून शिवल्यासारखी बसली. आठव्या वेळी खेकडा साहेबासमोर उभा राहिला आणि आबा मधेच थांबले. मग ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मधुराताईंनी रेकॉर्डर बंद केला नाही.

व्हिडिओ शेवटी तसाच बाहेर पडला. साहेबाच्या टेबलापर्यंत मधुराताईंचं गाणं, आणि तिथून पुढं एका म्हाताऱ्याचं हसणं. हा शेवट मधुराताईंनीच निवडला. पुढच्या वर्षी आबा गेले.

त्या सकाळी मी आबांना लिहून विचारलं होतं, 'काय झालं?'

"साहेब काय म्हणाला बघ की!"

माझ्या चित्रात साहेबाला तोंडच नव्हतं. काढायचा कंटाळा केला म्हणून मी ते फायलीमागं दडवलं होतं. मी लिहिलं, 'आबा, साहेब काही बोलतच नाही.'

आबांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे फार कणवेनं बघितलं.

"तुला ऐकू न्हाई आलं?"