सरळ नळीची दुर्बीण

लेकीच्या नेमबाजीसाठी दुर्बीण निवडताना मी माती खाल्ली. पालथं पडून नेम धरणाऱ्या पोरीला डोळा लावायची नळी तिरकी हवी होती. चाळिशीतल्या या शहाणीने सरळ नळीची आणली, कारण मागे खुर्चीत बसून मलाच निशाणावरची भोकं बघायची होती.

“आई, बदलून आण ना.”

“मानेला व्यायाम होईल,” मी म्हणाले. मोठी गुरूच!

राज्याच्या संघाच्या निवडचाचणीत प्रत्येक गोळीनंतर दुर्बिणीत बघायला तिला मान उचलावी लागली आणि जमवलेला नेम मोडत गेला. निवड हुकली. तिने पुन्हा रायफल धरली नाही.

त्या दिवशी खारघरला घरी आलो. मी दुर्बीण कपाटात ठेवायला लागले, तेव्हा ती म्हणाली, “राहू दे खिडकीत. तुझ्यासाठीच घेतली होतीस ना, आई? आता तूच बघत बस.”