शंभर किलोच्या आत

सकाळचे सात वाजून गेले तरी दादा डबा घ्यायला खाली आला नाही, म्हणून मीच जिना चढून वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. खोलीच्या मधोमध ती लांबलचक फळी आणि फळीवर दादा पालथा, दोन्ही तळवे छातीशी टेकलेले, रोज सरावाला असायचा अगदी तसा. मला वाटलं, चालू आहे ह्याचं. मी दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि म्हणाले, "ऊठ ना रे दादा, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी." तो उठला नाही. मी अजून बोलले. म्हटलं, या वयात ही थेरं कुणाला दाखवायचीत, एक दिवस सुट्टी घेतलीस तर समुद्र आटणार आहे का... किती वेळ बोलत होते देव जाणे. मेलेल्या माणसाला मी रागावत होते. मग जवळ गेले आणि खांद्याला हात लावला.

याला आता दीड महिना झाला. येणारे-जाणारे विचारतात, मास्टरला काय झालं होतं? मी म्हणते, हार्ट. डॉक्टरांनी तेच लिहून दिलं आहे. पण त्यामागची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, आणि आता माझ्याच्याने ती पोटात ठेववत नाही.

निंबादादा माझा थोरला भाऊ. धुळ्याकडचं आमचं गाव सोडून तो सोळाव्या वर्षी सुरतला आला, लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर लागला आणि पुढे मास्टर झाला, म्हणजे बंद पडलेला लूम जुळवून पुन्हा चालता करणारा. माझा नवरा गेल्यावर मलाही त्यानेच सुरतमध्ये डिंडोलीला आणलं. खाली माझी खानावळ, वर तो आणि त्याची मुलगी पल्लवी. पल्लवीची आई ती आठ वर्षांची असतानाच गेली, त्यामुळे पोर वाढली ती माझ्याच चुलीपाशी. आमच्या घरात माया बोलून दाखवत नाहीत, वाढून दाखवतात. शेवभाजीवर तर्री, भरताबरोबर कळण्याची भाकरी, वर तूप, वर "अजून एक घे ना". दादा कधी नाही म्हणाला नाही. वजन एकशे बावीस किलोवर गेलं. दिवसाचे बारा तास लूममध्ये उभा राहील असा गडी, पण एकदा जमिनीवर बसला की उठायला कुणाचा तरी हात लागायचा. पुढे पुढे तो पंगतीला बसेना. कुणाच्या दुखवट्याला गेला तरी आधी खुर्ची कुठे आहे ते बघायचा. लोक हसायचे, मीही हसायचे.

पल्लवी साड्यांची डिझाइनं काढायच्या नोकरीला होती. एकदा ऑफिसच्या पोरींबरोबर कर्नाटकच्या किनाऱ्यावर फिरायला गेली आणि तिथे सर्फिंग बघून आली. सर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत येणं. वर्षभरात नोकरी सोडून ती तिथेच गेली, शिकली आणि दुसऱ्यांना शिकवायला लागली. इकडे दादाने चलथाणचं एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. कुणीतरी तिचा पाण्यातला फोटो आणून दादाला दाखवला. त्याने मोबाइल कानाला लावला आणि कारखान्याच्या दारात, दहा माणसांसमोर तिला म्हणाला, "मनाकरता तू मरी गयी." माझ्यासाठी तू मेलीस. पोरीने फोन ठेवला. नंतर तीन वर्षं तो फोन वाजला नाही. माझ्याशी बोलायची अधूनमधून, पण बापाचं नाव निघालं की म्हणायची, "फुई, दुसरं बोल." आत्याला ती फुई म्हणते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी दादा माझ्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, मी पल्लीकडे जाणार, शिकायला. मी पीठ मळत होते. म्हटलं, काय शिकायला? तर म्हणे, सर्फिंग. मला हसूच आवरेना. तो हसला नाही. त्याने तिच्या सर्फिंगच्या शाळेत फोन केला होता, खोटं नाव सांगून, मोडक्यातोडक्या हिंदीत. पलीकडे जो कुणी होता त्याने सांगितलं की वजन शंभर किलोच्या आत हवं, पोहता यायला हवं आणि जमिनीवरून आपलं आपण उठता यायला हवं. मी म्हटलं, अरे, सरळ तिलाच फोन लाव ना, माफी माग आणि मोकळा हो. "मंगू, फोनवर माझ्या तोंडातून घाणच निघते," तो म्हणाला. "पाण्यात बोलावं लागणार नाही. ती सांगेल तसं मी करीन. बापाने आपलं ऐकलं एवढं तिला दिसलं तरी पुरे."

आणि त्रेपन्नाव्या वर्षी माझा भाऊ पोहायला लागला. आम्ही कोरड्या गावची माणसं, आमच्या विहिरीत उतरायलाही दोरी लागायची. पालिकेच्या तलावावर सकाळच्या बॅचला तो ढगळ बनियन घालून जायचा, कारण उघड्या अंगाने लोकांसमोर जायची लाज. तिथला शिकवणारा गुजराती, भला माणूस. म्हणाला, "काका, बीशो नहीं, पाणी तमने ऊंचकी लेशे." घाबरू नका, पाणी तुम्हाला उचलून घेईल. आणि खरंच घेतलं की. पहिल्यांदा तरंगला त्या दिवशी ओल्या केसांनी तो तसाच माझ्याकडे आला, डोळे लाल, आणि म्हणाला, "मंगू, पानीम्हा मनं वजनच नही शे." असं बोलताना त्याला मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

अवघड होतं ते फळीवर उठणं. सर्फिंगमध्ये आधी फळीवर पालथं पडायचं असतं, आणि लाट आली की हातांवर जोर देऊन एका दमात दोन्ही पाय पोटाखाली घेऊन उभं राहायचं. पोटाखाली. दादाचं पोटच वाटेत. त्याने सुताराकडून माणसाएवढी फळी करून आणली, पावलं कुठे पडायला हवीत ते मोबाइलवर बघून खडूने त्यावर आखलं आणि रोज पहाटे सराव सुरू केला. खाली मला छतातून धपकन आवाज यायचा. परत धप. परत धप. कधी गुडघ्यावर यायचा, कधी कुशीवर कलंडायचा. कारखान्यातले बिहारी कारागीर चिडवायचे, "मास्टर, समुंदर में हल्ला कर दोगे." तोही म्हणायचा, करूंगा.

खाण्याचा तक्ता त्याला तलावावरच मिळाला होता. सकाळ-संध्याकाळ एक भाकरी, बिनतेलाची भाजी, फोडणी न दिलेली डाळ. करणारी मीच. पाच महिन्यांत वजन एकशे नऊवर आलं. सुताच्या गोण्या तोलायच्या काट्यावर तो दर सोमवारी चढायचा आणि आकडा मला येऊन सांगायचा. तो खूश, आणि मी... मला ते बघवेना. गाल बसले, गळ्याची कातडी लोंबायला लागली. शेजारणी म्हणायला लागल्या, मंगलबाई, साऱ्या डिंडोलीला जेवू घालता आणि सख्ख्या भावाला उपाशी ठेवता होय? खानावळवालीला याहून मोठी शिवी नाही. एका रात्री त्याचं ताट वाढताना माझा हात आपोआप तुपाच्या डब्याकडे गेला. एक पळी गरम डाळीत सोडली, घोटून एकजीव केली. दुसऱ्या दिवशी भाजीत शेंगदाण्याचं कूट बारीक वाटून घातलं. तो जेवताना म्हणाला, "आज डाय बरी लागी ऱ्हायनी, मंगू." मी म्हटलं, मीठ बरोबर पडलं असेल.

त्यानंतर रोज. वजन तिथेच थांबलं. एकशे नऊ, एकशे दहा, परत एकशे नऊ. काटा बिघडला म्हणून त्याने एक दिवस मोजलेली गोणी त्यावर चढवली. काटा बरोबर होता. मग तो स्वतःलाच बोल लावायला लागला. म्हणायचा, माझं शरीरच हरामी आहे, मला तिच्याकडे जाऊ द्यायचं नाही त्याच्या मनात. हे तो माझ्यासमोर बसून बोलायचा आणि मी खाली मान घालून लसूण सोलायचे. सांगता आलं असतं. जिभेच्या टोकापर्यंत यायचं. पण मला वाटायचं, दोन-चार महिन्यांत हे खूळ निघून जाईल, माणूस तरी धडधाकट राहील... मी शहाणी, मोठी आली शहाणी.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी तो मला घेऊन डुमसच्या समुद्रावर गेला, रिक्षाच्या टपावर फळी बांधून. डुमसची वाळू काळी, पाणी गढूळ, लाटा बेताच्या. मी चपला आणि पिशवी सांभाळत काठावर बसले. तो कमरेएवढ्या पाण्यात जाऊन फळीवर पालथा व्हायचा, लाट यायची आणि फळी एकीकडे, दादा दुसरीकडे. पोरं मोबाइलवर शूटिंग करायला लागली. मी उठून एकाला चांगलं झापलं. तास-दीड तासात तो एकदाच गुडघ्यांवर उठला, तेवढाच, आणि परत आडवा. बाहेर आला तेव्हा थरथरत होता. मी टोमॅटोची भजी घेऊन ठेवली होती, ती पुढे केली. त्याने भज्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्या भर गर्दीत तो रडायला लागला. "मी पडलो तरी चालेल तिच्यासमोर," तो म्हणाला, "पण मला उठवायला तिला हात द्यावा लागू नये. कोणत्या तोंडाने घेऊ मी तिचा हात?" मी भजी पिशवीत परत ठेवली. त्या क्षणी तरी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने रात्रीचं जेवण बंद केलं आणि पहाटेचा सराव दुप्पट केला. शुगरच्या गोळ्या चालू असलेला माणूस. छातीत भरून येतं म्हणून एकदा सांगितलंही त्याने मला. मी काय केलं? सकाळच्या डाळीत दोन पळ्या तूप घातलं, ताकद यावी म्हणून. तीन आठवड्यांनी ती सकाळ आली.

पल्लवी विमानाने आली. उन्हाने रापलेली, खांदे असे भरलेले की तिरडीला तिनेच पुढून खांदा दिला आणि कुणाची आडवं बोलायची छाती झाली नाही. विधी होईपर्यंत ती रडली नाही. चौथ्या दिवशी वरच्या खोलीत ती फळीपाशी बसली, खडूच्या खुणांवरून बोट फिरवत म्हणाली, "पावलं बरोबर आखलीत पप्पांनी." मग मी तिला सांगत गेले. खोट्या नावाचा फोन, तलाव, डुमस, शंभर किलो. शंभर किलो म्हटल्यावर तिने वर पाहिलं.

"फुई, तो आकडा फळ्या भाड्याने नेणाऱ्यांसाठी असतो, फोनवरच्याचा तसाच समज झाला असेल," ती म्हणाली. "शिकायला येणाऱ्यांना आम्ही मोठी फळी देतो. माझ्याकडे एकशे तीस किलोचेही येतात. कितीतरी जण महिनाभर उठतच नाहीत, नुसते पालथे पडून लाटेबरोबर येतात आणि लहान मुलांसारखे ओरडतात. मी नेलं असतं ना गं त्यांना... तसंच नेलं असतं."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "शेवटी शेवटी काय खात होते?" मी म्हटलं, डाळ-भाकरी. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तू होतीस त्यांना, फुई. तू नीट केलंस त्यांचं." आणि मग ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले, त्याच हाताने. तोंड उघडलं नाही.

डॉक्टर म्हणतात, बाई, हृदय आधीपासूनच थकलेलं होतं. असेल. पण काटा खाली आला असता तर तो उपाशी राहिला नसता, पहाटे दुप्पट धडपडला नसता आणि कदाचित शंभरवर येऊन आज तिकडे गेला असता. तूप मी घातलं. हे कुणीही माझ्यापासून काढून घेऊ शकत नाही. खानावळ चालूच आहे, चाळीस डबे जातात, पण माझ्या स्वतःच्या ताटातली डाळ माझ्या घशाखाली उतरत नाही.

पल्लवी दर रविवारी अकरा वाजता फोन करते. "जेवलीस का?" एवढंच आधी विचारते. तिला माझ्याशिवाय आता कुणी नाही, आणि मलाही. समोरासमोर किंवा फोनवर मला हे सांगता येणार नाही, ते मी चार वेळा करून पाहिलं. म्हणून इथे लिहिलं आहे. ती गुजराती शाळेत शिकली, मराठी बोलते भराभर, पण वाचते एकेक अक्षर लावून. छापून आलं की पान कापून तिला पाठवणार आहे. तिला शेवटपर्यंत यायला वेळ लागेल. मग जो रविवार येईल, त्या दिवशी मी अकरा वाजता फोनपाशी बसेन.