सीताफळाच्या बियांची माकडं

नौबादमधल्या घरात बसून अख्खं राज्य चालवणारा माणूस माझ्या सासऱ्यांखेरीज, म्हणजे मामांखेरीज, दुसरा झाला नसेल. राज्य सोप्यातल्या शहाबादी फरशीवर खडूनं आखलेलं. एकेक फरशी म्हणजे एकेक परगणा, चिंचोके ही रयत आणि तुरीचे दाणे हे पीक. पाऊस, बाळंतपणं, साथीचे रोग, सगळं कवड्यांवर ठरे. खेळायला कुणी नसलं की मामा दोन्ही बाजूंनी एकटेच खेळत, आणि हरले की जेवताना गप्प असत. सासूबाई फरशी पुसताना राज्याला वळसा घालत. दुष्काळ पडला की मात्र "तुमची रयत उपाशी मरायलीय बघा" एवढं ऐकवून जात.

या राज्याच्या रानात माकडं होती, सीताफळाच्या काळ्या बियांची. कवड्या पालथ्या पडल्या की ती उतरून कोठार लुटत. त्यांना मारायचं नाही, हा नियम. सुगीला चिमूटभर दाणे रानाच्या कडेला ठेवले, तरच ती वाट बदलत. लग्न होऊन आले तेव्हा, शिकलेली म्हणून, मी माकडांसाठी पिंजरा सुचवला होता. मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "रान त्यांचं हाय, बाई. आपण मागनं आलाव."

नणंदेला बघायला कमलनगरचे पाहुणे यायचे होते. मुलगा तिला आधीच आवडला होता, हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. सासूबाईंनी सकाळीच ओला फडका घेतला. मामांनी सुगीपुरती मुदत मागितली. सुगी लांबली आणि पाहुणे थेट राज्यातच येऊन उभे राहिले. मुलाचे वडील धान्याचे आडते. तूर दिसताच ते खेळायला बसलेच, मुलालाही त्यांनी बसवलं. बघता बघता माकडांनी त्यांचं कोठार धुऊन नेलं. आडते तापले, एक बी चिमटीत धरून बाहेर फेकायला निघाले. मामांनी त्यांचं मनगट धरलं. नणंद दारात चहा घेऊन थिजली.

"सोयरीक करा न्हाईतर मोडा," मामा म्हणाले, "आमच्यात माकडाला मारत न्हाईत."

मग मुलानं स्वतःच्या कोठारातले दाणे उचलून रानाच्या कडेला ठेवले.

"अप्पा, सोडा की त्याला. त्याचा वाटा मी ठेवलाय."

नणंद पुढे आली आणि तिनं पहिला कप, रीत सोडून, मुलापुढे ठेवला. पुढे मामांनी या जावयाला दर दिवाळीला हरवलं. खेळात जावयाची भीड धरू नये, असं त्यांचं म्हणणं.

यंदा मामा गेले. दिवस झाल्यावर सासूबाईंनीच फरशी पुसली, वळसा न घालता. खडू गेला, दाणे डब्यात गेले. संध्याकाळी दोन फरश्यांच्या फटीत एक काळी बी राहिलेली दिसली. मी नखानं काढायला वाकले.

"ऱ्हाऊ द्या वैनी," नणंद म्हणाली. आत जाऊन तिनं चिमूटभर तूर आणली आणि फटीच्या कडेला ठेवली.

सकाळी सासूबाई केर काढत होत्या. तिथवर आल्या, थांबल्या, आणि वळसा घालून पुढे गेल्या.