चहा ओतताना गेलेला तारा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय? कळत नाही. आत कोंडून ठेवून जीव गुदमरायला लागलाय, एवढंच.

मी नेवाशाच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तिथंच वैशाली गणित शिकवते. आकाश बघायचं वेड तिला मीच लावलं. एखादा लघुग्रह ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा तारा काही क्षण दिसेनासा होतो – ती वेळ आम्ही स्टॉपवॉचवर टिपून आमच्या आकाशनिरीक्षकांच्या गटाला कळवायचो. मी तिला बजावून ठेवलं होतं, तारा परत दिसला तरी दुर्बिणीवरून डोळा काढायचा नाही. त्या लघुग्रहाला स्वतःचा चंद्र असेल, तर तारा आणखी एकदा, अगदी पटकन, झाकला जातो. तशी शंका जरी आली, तरी मोठ्या दुर्बिणीवाले त्याच्या मागे लागतात, चंद्राची कक्षा शोधतात. मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं हो मी!

त्या रात्री देवळाली प्रवरात, तिच्या सासरच्या ऊस तुटून गेलेल्या रानात, आम्ही दोन दुर्बिणी शेजारी शेजारी लावल्या होत्या. तारा गेला, आला. दोघींनी बटण दाबलं. थंडी मरणाची. आणि मी – काय सांगू – तिच्या सासूबाईंनी दिलेला थर्मास उघडला. चहा ओतत होते.

"ताई, परत गेला! बघितला ना तुमी?"

मी डोळा लावेपर्यंत तारा जागच्या जागी होता.

'अगं, मी चहा ओतत होते' – एवढं म्हणता आलं नसतं? पण मी तिची गुरू ना! म्हणाले, "माझा डोळा तिथंच होता. काही गेलं नाही. वाऱ्यानं दुर्बीण हलली असेल तुझी."

"वारं तर न्हाई हुतं," ती हळूच म्हणाली. मग तिनं ती दुसरी वेळ स्वतःच खोडली. गटाला एकच वेळ गेली. त्या लघुग्रहाकडं आमच्यापैकी कुणी पुन्हा बघितलं नाही.

तो चंद्र होता की भास, मला माहीत नाही. मी बघतच नव्हते, तर माहीत कसं असणार?

वाटलं होतं, विसरेल. छे! दरवर्षी विज्ञान प्रदर्शनात ती मुलांना त्या रात्रीचं सांगते – आपला डोळा फसवतो, शेजारी ताईंसारखं खरं बोलणारं माणूस हवं. मुलं टाळ्या वाजवतात. मी पुढच्याच खुर्चीत. उठून जाणार कुठं? आता तोंड उघडायचं, तर त्या चहाबरोबर या टाळ्यांचंही सांगावं लागेल. लाज वाटते. आणि तरी पुढच्या वर्षी मी त्याच खुर्चीत जाऊन बसते.

परवा पुन्हा एक तारा झाकला जाणार होता. शाळेच्या गच्चीवर आम्ही दोघीच. तारा गेला – मला स्वच्छ दिसलं. तिलाही दिसलं असणारच, तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. पण तिचा अंगठा बटणावर तसाच थांबलेला.

"ताई, गेला ना? तुमी म्हणा, मग दाबते."

मी "हो, गेला" म्हणाले. तोवर तारा परत आला होता.